पाइपलाइनचे पांडव

माझ्या वडिलांचे डोळे बांधले तरी ते पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल नुसत्या वासावर सांगत. यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण डिझेलात थोडंसं रॉकेल घातलेलं असलं तर तेही त्यांना कळायचं, आणि पंपावरचा माणूस कितीही तोंड वर करून बोलला तरी अण्णा एवढंच म्हणत, "दादा, माझं नाक लई जुनं हाय." चौथीत असताना मी 'माझे वडील' या निबंधात 'ते वास घेण्याचे काम करतात' असं लिहिलं होतं. गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारली. आता मी स्वतः शिक्षिका आहे आणि मला अजूनही वाटतं की ती रेघ चुकीची होती.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. स्टेशन लहान, पण त्याच्या पलीकडे तेलाची साइडिंग, म्हणजे मुख्य रुळातून फुटून बाजूला गेलेला रूळ. त्या रुळावर टाक्यांची मालगाडी यायची. तिला सगळे रेक म्हणत. रेक आली की अण्णा आणि त्यांच्याबरोबरचे ठेक्याचे लोक टाक्यांना जाड रबरी होज जोडून तेल डेपोत उतरवायचे, आणि तिथून टँकर भरून पार नांदेडपर्यंत जायचे. अण्णांनी हे काम सव्वीस वर्षं केलं. नायलॉनचा कपडा अंगाला लावला नाही, कारण त्यानं ठिणगी पडते. सुती सदरा, सुती पायजमा. बिडी लग्नाच्या आधीच सोडली. माय म्हणायची, "माझ्यासाठी न्हाई सोडली, डिझेलसाठी सोडली."

त्यांचं खरं काम डिप घेण्याचं. टाकीवर चढायचं, झाकण उघडायचं, खुणा केलेली पितळी काठी तळापर्यंत सरळ सोडायची आणि वर काढून ओल कुठवर आली ते बघायचं. गंमत अशी की पेट्रोलची ओल टिकत नाही. डोळ्यांदेखत उडून जाते. काठी वर आल्याबरोबर ज्यानं बघितलं त्यानं बघितलं, मागून कुणी पडताळायला आला तर त्याच्या हाती कोरडी काठी. म्हणून सगळी मदार डिप घेणाऱ्याच्या जिभेवर. खाली साहेब वही धरून उभा असे, वरून अण्णा आकडा सांगत आणि साहेब तो लिहून घेई. साहेब बदलत गेले, काही चांगले होते, काही नव्हते. पण अण्णांनी सांगितलेल्या आकड्यावर कुणी दुसऱ्यांदा काठी सोडायला लावली नाही. या एका गोष्टीचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या डी.एड.च्या निकालाचाही नाही.

मग पाइपलाइनची बातमी आली. तेल आता रुळावरून यायचं नाही, जमिनीखालून यायचं, आणि आमच्याच शिवारातून पुढे जायचं. गावात दोन तट पडले, दोनाचे चार झाले. ज्यांच्या घरी धड सायकल नाही अशी माणसं हॉटेलात चहा गार करून तेल कशातून न्यावं यावर भांडायला लागली.

रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीला पाइपलाइन हवी होती. रेक आत घेताना फाटक बंद व्हायचं, आणि मग बाळंतीण असो की उसाचा ट्रॅक्टर, जिथल्या तिथं. त्यांचं चूक नव्हतं. बारावीच्या पेपरला मी स्वतः फाटकाखालून वाकून पळालेली आहे. शेतकऱ्यांना मोबदला हवा होता, पण पाइपाच्या वरच्या पट्ट्यात विहीर खोदायची नाही, झाड लावायचं नाही ही अट नको होती. आणि साइडिंगच्या लोकांना पाइपलाइन मुळातच नको होती. जमिनीखालच्या तेलाला होज जोडणारा माणूस लागत नाही, इतकं साधं कारण.

साइडिंगच्या लोकांचा एक पुढारी होता. वयानं अण्णांपेक्षा बराच लहान, बोलायला तिखट. त्याचं मला बरंचसं पटायचं नाही, पण एक वाक्य अजून पटतं. तो म्हणायचा, "रेक आपुन अडवू शकतो. रुळावर चार मानसं बसली की पार दिल्लीला कळतंय. पाइपावर कुटं बसता? वरून नांगर चालतोय, खालून तेल चाललंय, कुनाला पत्ता बी न्हाई." तेल कशातून जातं यापेक्षा ते कुणाला थांबवता येतं, हा खरा प्रश्न आहे, हे मला त्या माणसानं शिकवलं. त्याचं श्रेय मी त्याला देते.

अण्णा मात्र दोन्हीकडून सापडले होते. पोट साइडिंगवर, आणि आमच्या दोन एकरांच्या मधोमध पाइपलाइनचा पट्टा. हॉटेलात कुणी त्यांना विचारलंच तर म्हणत, "रेकमधून उतरवताना कितीबी जपा, थोडं सांडतंच. सव्वीस वर्षं मी ते पुसून राहिलो. पाइपात सांडत न्हाई म्हनतेत. मंग बरंच की ते."

"आन् तुमचं काम?"

"काम जाईल."

असं सरळ. पुढारी कपाळावर हात मारून घ्यायचा.

मोजणीला आलेला इंजिनिअर नाशिककडचा होता. तरुण, उन्हानं नाक सोललेलं, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. त्यानं पट्ट्याच्या खुणा म्हणून आधी लाकडी खुंट्या ठोकल्या. चार दिवसांत प्रत्येक खुंटीला कुणाचं तरी वासरू नाहीतर शेळी. ठोकलेली खुंटी दिसली की आमच्याकडे जनावर बांधतात. यात कट नाही, सवय आहे. मग त्यानं नदीतून ट्रॅक्टरभर धोंडे आणले, चुन्यात बुडवले आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना ओळीनं मांडले. नारळाएवढे, गोल, पांढरेशुभ्र. आता याला कोण जनावर बांधतो बघू, असं साइडिंगवर सांगून तो लातूरला निघून गेला, शिवारात कुणाला काही सांगितलं नाही. येळवस तीन दिवसांवर आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी नाशिकच्या माणसाला त्यातून काय कळायचं?

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं माणूस शेतात. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, उभी करायची आणि तिच्यात पाच दगड मांडायचे. त्यांना चुना आणि काव लावायची. ते पांडव. त्यांची पूजा झाली की शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील, आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. पण आमच्या काळ्या रानात दगड मिळत नाही. पुरुषभर खोदलं तरी मातीच. म्हणून प्रत्येक घर आपले पाच दगड वर्षभर बांधावर जपून ठेवतं. त्या साली मोजणीच्या गाडीला वाट करायला जेसीबीनं बांध मोडले आणि आमच्यासकट सगळ्यांचे पांडव मातीत गाडले गेले.

मी तेव्हा किनवट तालुक्यात इस्लापूरजवळच्या शाळेवर शिक्षणसेविका होते. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि मग कायम व्हायचं. त्या तीन वर्षांत नाव खराब होऊन चालत नाही. पोलिसांच्या कागदावर नाव चढलं की संपलं. माझं दुसरं वर्ष चालू होतं. येळवशीच्या आदल्या दिवशी निघाले, नांदेडला बस बदलली आणि दिवेलागणीला घरी पोचले. दगडांचं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

सकाळी नेमकी रेक आली. रेकला अमावास्या कळत नाही. अण्णा साइडिंगवर गेले आणि मी माय­बरोबर शेतात. कोपी उभी झाली आणि माय बांधापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पांडव कुटून आनायचे गं आता?"

मला समोरच ती पांढरी ओळ दिसली. माझं डोकं नको तिथं फार भरभर चालतं. मी म्हटलं, "माय, हे बघ की! बांध मोडले म्हणून ग्रामपंचायतीनं सगळ्यांना नवे दगड आणून ठेवलेत."

मायनं एक उचलून बघितला. "चुना बी लावून दिलाय. शहानी झाली की गं ग्रामपंचायत."

मी त्यातले पाच चांगले निवडून टोपल्यात घातले. एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. पण मला चांगली बातमी पोटात ठेवता येत नाही. मी बांधावर चढून शेजारच्या शिवाराला हाळी दिली, "ओ काकू, तयार पांडव ठेवलेत, घेऊन जावा!" शाळेतल्या मॅडमच सांगायल्यात म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय. या शेतातून त्या शेतात हाळी गेली. दुपारपर्यंत गावच्या शिवारातून पाइपलाइन नाहीशी झाली आणि जिकडेतिकडे पांडव बसले.

अण्णा जेवायला आले. कोपीत वाकून पाया पडले आणि तसेच वाकलेले राहिले. डिपची ओल बघायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता. "हे दगड कुटले?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. ते खाली बसले आणि मग त्यांनी मला सांगितलं, हे दगड कुणाचे, कशाचे, आणि हलवले तर काय होतं. मायच्या हातातला डाव भज्जीतच राहिला. मी म्हटलं, आत्ता परत ठेवते. अण्णा म्हणाले, "पुजलेले हायेत आता. पांडवांचा काय दोष? हात जोडा आन् जेवा." मी हात जोडले आणि जेवले.

दोन दिवसांनी गावात पेपर आला. 'संतप्त शेतकऱ्यांनी पाइपलाइनच्या खुणा उपटल्या.' बातमी कुणी दिली हे सांगायला जोशी लागत नव्हता. संध्याकाळी पुढारी स्वतःच आमच्या ओसरीवर आला, चेहरा उजळलेला.

"अण्णा, उद्या शाळेच्या पटांगणात सभा हाय. नायब तहसीलदार येनार, तो इंजिनिअर येनार. तुमी फकस्त उभं राहायचं आन् म्हनायचं, लोकांनी राग येऊन उपटले. तुमच्या शब्दाला साहेब लोक मानतेत. काम चार-सहा महिने लांबलं तं आपल्याला बोलनी करता येतील. आपल्या मानसांना त्या पाइपावर नोकऱ्या मागता येतील."

तो वाईट माणूस नव्हता. साइडिंगवरची घरं त्याच्या डोळ्यापुढे होती, आणि त्या घरांत आमचंही होतं.

अण्णा म्हणाले, "पर उपटले कुटं? येळवशीला नेले."

"हळू बोला! हे बाहेर गेलं तं सगळा मराठवाडा हसंल. आंदोलन म्हनून काय केलं? भज्जी केली!"

"आन् उपटले म्हनलं तं केस कुनावर होईल?"

"अज्ञात इसमावर."

"अज्ञात इसम आत भाकरी थापून राहिली," अण्णा म्हणाले.

पुढारी हसला नाही. जाताना म्हणाला, "इचार करा. तुमच्या एकट्याच्या इमानावर सगळ्यांची चूल इझवू नका." हे त्यांना लागलं. मला दिसलं ते. आत येऊन ते मला म्हणाले, "मी येळवशीचं सांगनार. पर तुझं नाव घेनार न्हाई, बाई. आमच्या घरातून झालं म्हनतो. तेवढं खरं बी हाय." मी मान हलवली. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाज वाटत होती. ते रात्रभर पुरलं.

सकाळी पटांगण भरलं होतं. फाटकापलीकडचे एका बाजूला, साइडिंगचे एका बाजूला, बायका भिंतीच्या कडेनं. नायब तहसीलदार खुर्चीवर, बाजूला इंजिनिअर. त्याचं नाक आणखीच सोललं होतं. तो म्हणाला, जागा त्याच्या मशीनमध्ये नोंदलेल्या आहेत, दगड पुन्हा मांडता येतील. पण खुणा मुद्दाम नष्ट केल्या असतील तर त्याला संध्याकाळपर्यंत तक्रार द्यावीच लागेल. पुढाऱ्यानं उठून जोरदार भाषण केलं. जनतेचा उद्रेक वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या कोपीत पांडव बसले होते त्यांनीही वाजवल्या.

मग अण्णा उठले. धुतलेला सुती सदरा घातला होता. म्हणाले, "साहेब, उद्रेक न्हाई. येळवस होती." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बांध कसे मोडले, पांडव कसे गाडले गेले, चुना लावलेले दगड बघून लोकांची समजूत कशी झाली. हशा पिकला. पुढारी मान खाली घालून बसला. त्याची मला दया आली, खोटं कशाला सांगू.

नायब तहसीलदार हसले नाहीत. ते जिल्ह्यातलेच असावेत, येळवस त्यांना समजावून सांगावी लागली नाही. पण म्हणाले, "एका घरानं पाच दगड नेले, हे मी समजू शकतो. सगळ्या शिवारातून एका दिवसात गेले. कुणीतरी पहिल्यांदा उचलले आणि बाकीच्यांना सांगितलं. कुणी?"

"आमच्या घरातून झालं, साहेब."

"घर दगड उचलत नाही. नाव सांगा, मला लिहायचंय."

 मी भिंतीपाशी उभी होते, अण्णा मला बाजूनं दिसत होते. सव्वीस वर्षं टाकीवर उभं राहून आकडा सांगणारा हा माणूस, आकडा सांगताना खालच्या माणसाच्या डोळ्यात बघायचा. त्यांची नजर खाली गेली, स्वतःच्या पायांवर. मला कळलं. ते आयुष्यातली पहिली खोटी डिप सांगणार होते, आणि माझ्यासाठी सांगणार होते.

"मी..." ते म्हणाले.

"मी उचलले," मी ओरडले. ओरडलेच, माझा आवाज वर्गासाठी बनलेला आहे. "अण्णा रेकवर होते. दगड मी उचलले, आणि बांधावर चढून सगळ्यांना घ्या म्हणूनही मीच सांगितलं. मला वाटलं ग्रामपंचायतीनं दिलेत."

सरपंच घाईनं म्हणाले, "आमी कशाला देतो दगड!" त्यावर पुन्हा हशा.

नायब तहसीलदारांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"इस्लापूरजवळ जिल्हा परिषद शाळेवर आहे. शिक्षणसेविका."  त्यांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. सभेतल्या प्रत्येकाला शिक्षणसेविका म्हणजे काय ते माहीत होतं.

मग भिंतीकडून आमच्या शेजारच्या काकूचा आवाज आला, "एकटीचं कामून लिवता? पाच माझ्या कोपीत बी हायेत. तिनं सांगितलं, पर उचलले मीच की." तिच्या मागून दुसरी, "आमच्यात सहा. एक फुटका निघाला म्हनून बदलून आनला." तिसरी म्हणाली, तुमच्याच रानातले चांगले होते, आमच्या वाटणीला वाकडेतिकडे आले. पहिली म्हणाली, लवकर उठायचं होतं. मग त्यांचं आपापसातच जुंपलं, कुणी कुणाच्या हद्दीतले नेले यावरून, आणि नायब तहसीलदार राहिले बाजूला. इंजिनिअर आधी तोंडावर रुमाल धरून होता. मग त्यानं रुमाल काढला आणि खो खो हसला. म्हणाला, "साहेब, यात तक्रार कसली? चूक माझी. मी दगडांना चुना लावायला नको होता." नायब तहसीलदारांनी 'गैरसमजातून' असा एक शब्द लिहिला, सही केली आणि कागद मिटला. तो शब्द मला अजून आवडतो.

इंजिनिअर म्हणाला, ते दगड तेवढे परत द्या.  पुजलेले पांडव कोण उचलून देणार? तेव्हा अण्णा पुन्हा बोलले. "ते न्हाई देता येनार, साहेब. पर साइडिंगच्या मागं जुन्या बांधकामाचे दगड पडलेले हायेत. डेपोच्या साहेबांना इचारून उद्या आनून देतो. तुमी जागा दाखवा, आमी मांडतो."

पुढारी ताडकन उठला. "अण्णा, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेता का?"

"पायावर न्हाई. साहेब दाखवतील तिथं," अण्णा म्हणाले. यावर साइडिंगचे लोकसुद्धा हसले.  घरी जाताना अण्णा फक्त भूक लागलीय म्हणाले, आणि माझ्या पुढे न चालता बरोबर चालले.

दुसऱ्या दिवशी साइडिंगवरच्या लोकांनी त्या ओळीत दगड मांडले. ज्या पाइपलाइननं त्यांचं काम जाणार होतं तिच्या खुणा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर वाहून नेल्या. मी ते बघितलंय. कुणी मला विचारलं की मराठवाड्यात अभिमान वाटावा असं काय आहे, तर लोक किल्ले सांगतात, लेणी सांगतात. मी ती ओळ सांगते. इंजिनिअरनं या वेळी दगडांना चुना लावला नाही, पिवळा रंग लावला.

पाइपलाइन झाली. फाटक आता क्वचित बंद होतं. एक दिवस शेवटची रेक येऊन गेली आणि साइडिंगवर गवत वाढलं. अण्णा तिथं जाऊन बसत नाहीत, त्या वाटेनं जातही नाहीत. एवढं दुःख त्यांनी करून घेतलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पाइपलाइनवर रोज चालत जाऊन लक्ष ठेवायला माणसं लागतात. कुठे माती खचली का, कुणी खोदतंय का, वास येतोय का, हे बघायला. इंजिनिअर त्या सभेतलं विसरला नव्हता. त्यानं ठेकेदाराला सांगितलं की ही माणसं साइडिंगच्या लोकांतून घ्या आणि नावं त्या अण्णांना विचारा. सगळ्यांना काम मिळालं नाही, जागा सातच होत्या. अण्णांनी सहा नावं सांगितली, त्यात पुढारीही होता. सातवं नाव ठेकेदारच म्हणाला, तुमचं. अर्ज भरायला मी बरोबर गेले होते. वयाची अट पंचावन्नची. कारकुनानं आधार कार्ड बघितलं आणि लिहायला लागला, त्रेपन्न.

"त्रेपन्न न्हाई," अण्णा म्हणाले. "अठ्ठावन्न."

"कागदावर त्रेपन्न हाय की, काका."

"कार्ड काढताना त्यांनी अंदाजे टाकलं. बाहत्तरच्या दुष्काळात मी मायसंगं खडीच्या कामावर चालत जात होतो. चांगलं आठवतंय मला. कार्डावर बघितलं तं तवा मी मांडीवरचं लेकरू."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सातवी जागा दुसऱ्याला गेली. माय तीन दिवस धुमसत होती. "सरकारनं आपून होऊन दिलेलं वय बी तुमाला नको!" मलाही राग आला होता. खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

आता मी कायम झालेय. या येळवशीला घरी गेले होते. पाइपलाइनचा पिवळा खांब आमच्या शेतात उभा आहे आणि त्याच्यापासून वीस पावलांवर कोपी, तिच्यात तेच पाच पांडव. सकाळी पट्ट्यावरून चालत पुढारी आला. तो रोज आमच्या बांधाशी थांबतो. अण्णा नोकरीत नाहीत, तरी सुती सदरा घालून त्या वेळी बांधावर उभे असतात.

"अण्णा, त्या ओढ्यापाशी थोडा वास आल्यासारखा वाटला," पुढारी म्हणाला आणि खिशातून मातीची पुडी काढली. अण्णांनी हुंगली. "ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल हाय. पाइपातलं न्हाई. तरी बी कळवून ठेव." पुढाऱ्यानं लगेच फोन लावला. गळती शोधायचं मशीन कंपनीकडेही आहे, पण आमच्या गावात अजून पुडी आधी अण्णांकडे येते. मग पुढारी कोपीत बसून आंबील पिऊन गेला.

तो गेल्यावर मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "अण्णा, त्या अर्जावर तुम्ही कामून बोललात? कागद तर तुमच्या बाजूनं होता."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघितलं, टाकीवरून बघायचे तसं, सरळ.

"त्या सभेत मी खोटं बोलनार होतो, बाई. तोंड उघडलं होतं. तू नोकरी पणाला लावून मला वाचवलंस. मंग मी वयाच्या पाच वर्षांसाठी खोटं लिवलं असतं तं तुझं खरं वाया गेलं असतं की."